ताठ मान आणि बहिरे कान : हिब्रू संदेष्ट्यांचे इशारे

इ. स. पू. आठव्या शतकाच्या मध्यापासून सहाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या काळात इस्राएल आणि यहूदा या दोन लहान राज्यांत काही माणसे एकामागून एक उभी राहिली व त्यांनी आपल्याच राजांना, पुरोहितांना आणि प्रजेला नाशाचा इशारा दिला. आमोस, होशेय, मीखा, यशया, यिर्मया आणि यहेज्केल ही त्यांतील प्रमुख नावे होत. हिब्रू भाषेत अशा माणसाला 'नावी' म्हणतात. मराठी बायबलात त्यासाठी 'संदेष्टा' हा शब्द रूढ झाला आहे. भविष्य वर्तविणे हे संदेष्ट्याचे मुख्य कार्य नव्हे. ज्योतिष्याने सांगितलेले घडले म्हणजे त्याची प्रतिष्ठा वाढते. संदेष्ट्याची स्थिती नेमकी उलट असते. त्याचा इशारा लोकांनी मनावर घेतला तर सांगितलेले संकट टळते, आणि ते टळावे हीच त्याची इच्छा असते.

या इशाऱ्यांत दोन आरोप पुनःपुन्हा येतात. एक मूर्तिपूजेचा आणि दुसरा हटवादीपणाचा. वरवर पाहता हे दोन वेगळे दोष वाटतात. एक उपासनेचा, दुसरा स्वभावाचा. परंतु हे ग्रंथ बारकाईने वाचले असता असे दिसून येते की, संदेष्ट्यांच्या दृष्टीने तो एकच दोष आहे. जे ऐकू शकत नाही त्याच्यावर भरवसा ठेवणारा माणूस हळूहळू स्वतःच ऐकेनासा होतो, असे त्यांचे निदान आहे. हे निदान सर्वांत तपशिलाने यिर्मयाच्या ग्रंथात आढळते. म्हणून प्रस्तुत विवेचनात त्याच ग्रंथावर भर दिला आहे.

जू नाकारणारी मान

मराठीत 'ताठ मान' हे स्वाभिमानाचे लक्षण मानले जाते. हिब्रू भाषेतील 'ताठ मानेचे लोक' हा शब्दप्रयोग मात्र निंदेचा आहे, आणि तो शेतातून आलेला आहे. जो बैल जुवाखाली मान देत नाही आणि हाकणाऱ्याने वळविले तरी वळत नाही, त्याचे चित्र या शब्दांमागे आहे.

हा शब्दप्रयोग निर्गमाच्या ग्रंथात प्रथम येतो तो प्रसंगही अर्थपूर्ण आहे. मोशे सीनाय पर्वतावर असताना खाली लोकांनी सोन्याचे वासरू घडविले आणि त्याच्यापुढे उत्सव मांडला. त्याच वेळी परमेश्वर या लोकांना ताठ मानेचे म्हणतो. वासराची पूजा करणाऱ्यांना हट्टी बैलाचे विशेषण मिळावे, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. आपण ज्याला भजतो त्याच्यासारखे होतो, हा विचार या कथेतच बीजरूपाने आहे.

यिर्मयाने त्याच्या जोडीला आणखी एक शब्दप्रयोग वापरला आहे : 'शरीरूत लेव', म्हणजे अंतःकरणाचा दुराग्रह. संपूर्ण हिब्रू शास्त्रात हा प्रयोग दहा वेळा येतो. त्यांपैकी आठ वेळा तो एकट्या यिर्मयाच्या ग्रंथात आहे. हिब्रू कल्पनेप्रमाणे अंतःकरण हे केवळ भावनेचे स्थान नव्हे. विचार आणि निर्णय यांचेही ते स्थान आहे. तेव्हा हा दुराग्रह क्षणिक रागाचा नसून, विचारपूर्वक घेतलेल्या आणि सोडण्यास तयार नसलेल्या निर्णयाचा आहे.

मूर्तीसाठी हा संदेष्टा अनेकदा 'हेवेल' हा शब्द योजतो. त्याचा मूळ अर्थ श्वास किंवा वाफ. थंडीत तोंडातून निघावी आणि लगेच विरून जावी अशी. पूर्वज या वाफेच्या मागे गेले आणि स्वतःच वाफ झाले, असे तो म्हणतो.

मूर्ती कोणत्या होत्या?

संदेष्ट्यांचा रोष कशावर होता हे समजण्यासाठी त्या काळातील सामान्य माणसाचा धर्म लक्षात घेतला पाहिजे. कनान देशातील शेती पावसावर अवलंबून होती, आणि बआल हा पावसाचा व वादळाचा देव मानला जाई. ज्या शेतकऱ्याला याहवेहने मिसर देशाच्या दास्यातून सोडविले, त्यालाच पेरणीच्या वेळी बआलाची आठवण होई. आपले धान्य, द्राक्षारस आणि तेल कोण देतो हेच लोकांना कळत नाही, ही होशेयाची तक्रार आहे.

उत्खननांतूनही या परिस्थितीवर प्रकाश पडला आहे. यहूदाच्या प्रदेशात घरोघरी वापरल्या जाणाऱ्या, स्तंभासारख्या बैठकीच्या लहान मातीच्या स्त्रीमूर्ती शेकड्यांनी सापडल्या आहेत. ईशान्य सीनायमधील कुंतिल्लत अजरूद येथे १९७५-७६ साली झालेल्या उत्खननात इ. स. पू. ८०० च्या सुमाराचे लेख मिळाले. त्यांत याहवेहबरोबर 'अशेरा' हिचा उल्लेख आहे. यावरून असे दिसते की, लोकांनी आपल्या देवाला टाकून दिले नव्हते. त्याच्या शेजारी ते आणखी कोणाला तरी बसवीत होते. संदेष्ट्यांचे काम त्यामुळेच कठीण झाले. आपण काही सोडले आहे असे ज्याला वाटतच नाही, त्याला परत येण्यास सांगणे सोपे नसते.

यशयाच्या ग्रंथातील एक भाग मूर्ती घडविणाऱ्याची थट्टा करतो. एकाच लाकडाच्या अर्ध्या भागावर माणूस भाकरी भाजतो, शेकत बसतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याला शरण जातो. ही थट्टा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे न्याय्य होईल. मूर्ती म्हणजे केवळ लाकूड, असे बाबिलोनचे पुरोहितही मानीत नव्हते. मूर्तीच्या 'मुखप्रक्षालन' विधीत कारागीर आपले हात लाकडी तलवारीने छाटल्याचा अभिनय करीत आणि ही मूर्ती आपण घडविलेली नाही अशी शपथ घेत. म्हणजे यशयाच्या ग्रंथातील वर्णन हे प्रतिपक्षाच्या श्रद्धेचे तटस्थ वर्णन नव्हे. पराभूत होऊन बाबिलोनमध्ये नेलेल्या लोकांचे धैर्य टिकावे म्हणून केलेले ते वादपर लेखन आहे. ते सर्व काळांतील व सर्व देशांतील प्रतिमापूजेला सरसकट लावणे हे त्याच्या मूळ संदर्भाला धरून होणार नाही.

शिवाय संदेष्ट्यांचा खरा कस परक्यांच्या मूर्तींविषयी बोलताना लागत नाही. तो आपल्या घरातील पूज्य वस्तूंविषयी बोलताना लागतो. राजा हिज्कीया याने यरुशलेमेतील पितळी सर्प फोडून टाकला. परंपरेप्रमाणे तो सर्प प्रत्यक्ष मोशेने रानात तयार केला होता आणि सर्पदंश झालेल्यांना त्यामुळे जीवदान मिळाले होते. परंतु लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा मोशेच्या नावानेही तो वाचला नाही. जे साधन एकेकाळी जीवदान देणारे होते तेच मूर्ती होऊ शकते, हा धडा यिर्मयाने पुढे फार मोठ्या वास्तूला लावला.

मंदिराच्या दारातील भाषण

इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्या स्वतःच्या लेखात तटबंदीची ४६ नगरे घेतल्याची नोंद आहे. परंतु यरुशलेम त्याच्या हाती पडले नाही. या सुटकेचा लोकमानसावर खोल परिणाम झाला. जेथे परमेश्वराचे मंदिर आहे ते नगर पडणे शक्य नाही, अशी समजूत दृढ होत गेली. एका पिढीचा अनुभव पुढच्या पिढ्यांचा सिद्धांत झाला.

सुमारे नव्वद वर्षांनंतर, इ. स. पू. ६०९ च्या सुमारास, राजा यहोयाकीमच्या कारकीर्दीच्या आरंभी यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहिला. उपासनेसाठी आत जाणाऱ्यांना त्याने सांगितले की, मंदिराचे नाव घोकल्याने तुम्ही वाचणार नाही. तुम्ही चोरी करता, खून करता, खोट्या शपथा वाहता, परके, अनाथ आणि विधवा यांना नाडता, बआलापुढे धूप जाळता, आणि मग येथे येऊन आपण सुरक्षित आहो असे म्हणता. लुटारू जसे लूट करून गुहेत लपतात, तसा तुम्ही या पवित्र स्थळाचा उपयोग करीत आहा. या आरोपांच्या यादीत मूर्तिपूजा आणि दुर्बलांवरील अन्याय एकाच दमात येतात, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यानंतर त्याने शिलोचे उदाहरण दिले. यरुशलेमेच्या आधी कराराचा कोश शिलो येथे होता, आणि ते स्थळ उद्ध्वस्त झाले होते. तेथील उत्खननांत इ. स. पू. अकराव्या शतकातील मोठ्या आगीच्या खुणा मिळाल्या आहेत. शिलोचे जे झाले ते या मंदिराचेही होऊ शकते, एवढेच यिर्मयाचे म्हणणे होते.

पुरोहितांनी व इतर संदेष्ट्यांनी त्याला तेथेच पकडले आणि देहदंडाची मागणी केली. अधिकाऱ्यांपुढे चौकशी झाली. त्या वेळी काही वडीलधाऱ्या माणसांनी एक जुनी गोष्ट सभेला स्मरण करून दिली. हिज्कीयाच्या काळी मीखा नावाच्या खेड्यातील संदेष्ट्याने यरुशलेम ढिगारा होईल असेच सांगितले होते. हिज्कीयाने त्याला मारले नाही. तो भ्याला, त्याने विनवणी केली, आणि अरिष्ट टळले.

या साक्षीचे महत्त्व मोठे आहे. यरुशलेम वाचल्याची आठवण लोकांनी जपली होती. ते कशामुळे वाचले हे मात्र ते विसरले होते. वडिलांच्या स्मरणशक्तीने आणि शाफानाचा मुलगा अहीकाम याच्या आधाराने यिर्मया वाचला. परंतु असेच बोलणाऱ्या उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याला राजाने मिसरमधून पकडून आणून ठार मारविले.

दोन राजे, दोन गुंडाळ्या

हट्ट आणि नम्रता यांतील भेद हिब्रू शास्त्राने दोन प्रसंगांच्या साहाय्याने दाखविला आहे. पहिला प्रसंग इ. स. पू. ६२२ चा. राजा योशीयाच्या आज्ञेने मंदिराची डागडुजी चालू असता मुख्य पुरोहित हिल्कीया याला नियमशास्त्राची एक गुंडाळी सापडली. लेखक शाफान याने ती राजाला वाचून दाखविली. ऐकताच राजाने आपली वस्त्रे फाडली, हुल्दा या स्त्री-संदेष्ट्रीकडे माणसे पाठवून विचारणा केली आणि राज्यात धर्मसुधारणा सुरू केली.

दुसरा प्रसंग अठरा वर्षांनंतरचा. योशीयाचा मुलगा यहोयाकीम गादीवर होता. यिर्मयाला मंदिरात येण्याची बंदी होती. म्हणून त्याने आपली सर्व वचने बारूख या लेखनिकाला सांगून गुंडाळीवर उतरवून घेतली. इ. स. पू. ६०४ च्या हिवाळ्यात उपवासाच्या दिवशी बारूखाने ती मंदिरात लोकांपुढे वाचली. ज्या दालनात हे वाचन झाले ते गमऱ्या याचे होते, आणि गमऱ्या हाही शाफानाचाच मुलगा होता. पुढे ती गुंडाळी राजापुढे वाचली गेली. राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसला होता. तीन-चार स्तंभ वाचून झाले की तो लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. गमऱ्या व इतर दोघे विनवीत राहिले. संपूर्ण गुंडाळी जळून गेली.

मूळ हिब्रू ग्रंथांत दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद वापरले आहे. पित्याने वस्त्रे फाडली; पुत्राने गुंडाळी फाडली. आपली वस्त्रे मात्र त्याने फाडली नाहीत, हेही तेथे मुद्दाम नमूद केले आहे. यहोयाकीम कोणत्या मूर्तीपुढे वाकला याची येथे चर्चाच नाही. मात्र दुसऱ्या एका ठिकाणी यिर्मया त्याच्याविषयी स्पष्ट बोलतो. मजुरांना मजुरी न देता गंधसरूच्या लाकडाचा प्रशस्त महाल बांधणे म्हणजे राजा होणे, असे त्याला वाटत होते. त्याच्या पित्याने मात्र गरिबांना न्याय दिला, आणि देवाला ओळखणे म्हणजे तेच, असे यिर्मया म्हणतो.

गुंडाळी जाळल्याने इशारा नाहीसा झाला नाही. यिर्मयाने ती पुन्हा सांगितली, बारूखाने पुन्हा लिहिली, आणि तीत आणखी वचनांची भर पडली. १९८२ साली यरुशलेमेत दावीदनगराच्या उत्खननात, इ. स. पू. ५८६ च्या सुमारास जळालेल्या एका घरात, मातीचे अनेक ठसे सापडले. त्यांतील एकावर 'शाफानाचा मुलगा गमऱ्या' हे नाव आहे. ज्या आगीने नगर नष्ट केले तिच्याच उष्णतेने हे मातीचे ठसे भाजून टिकले.

ओली माती आणि भाजलेले मडके

इशारा कोठवर उपयोगी पडतो, हे यिर्मयाने कुंभाराच्या उदाहरणाने समजाविले. तो कुंभाराच्या घरी गेला तेव्हा चाकावरील भांडे बिघडले होते. कुंभाराने ती माती फेकली नाही. तिचेच दुसरे भांडे घडविले. नाशाचा निर्णय झालेले राष्ट्र वळले तर निर्णय बदलतो, असा अर्थ यिर्मयाने त्यातून काढला. लोकांचे उत्तर मात्र असे की, हे व्यर्थ आहे, आम्ही आपल्याच योजनेप्रमाणे चालणार. पुढच्याच अध्यायात तो भाजलेले मडके घेऊन हिन्नोमच्या खोऱ्यात जातो आणि ते फोडतो. ओल्या मातीला पुन्हा आकार देता येतो. भाजलेल्या मडक्याचे तुकडेच होतात. हटवादीपणा म्हणजे मातीचे हळूहळू भाजले जाणे होय.

इ. स. पू. ५९७ मध्ये बाबिलोनने यरुशलेम एकदा घेतले, राजाला व प्रतिष्ठितांना नेले, आणि सिद्कीयाला गादीवर बसविले. काही वर्षांनी बंडाची बोलणी सुरू झाली तेव्हा यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरू लागला. बाबिलोनच्या जुवाखाली मान द्या आणि जगा, असे तो सांगे. हनन्या या दुसऱ्या संदेष्ट्याने लोकांसमोर ते जू मोडले आणि दोन वर्षांत सर्व काही परत मिळेल असे आश्वासन दिले. हनन्याही परमेश्वराच्याच नावाने बोलत होता. यिर्मयाने प्रथम त्याला, तसे होवो, असे म्हटले. आपले बोलणे खोटे ठरलेले त्याला आवडले असते. नंतर मात्र त्याने सांगितले की, लाकडाचे जू मोडून तुम्ही लोखंडाचे जू तयार केले आहे.

सिद्कीयाचा हट्ट दुर्बलाचा होता. तो यिर्मयाला गुप्तपणे बोलावून सल्ला विचारी, पण शरण गेल्यास आपलेच लोक चेष्टा करतील या भीतीने तो सल्ला मानीत नसे. नगर पडल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारले गेले, आणि मग त्याचे डोळे काढण्यात आले. मंदिर जाळण्यात आले.

मिसरमधील उत्तर

येथे यिर्मया खरा ठरला आणि लोकांना पटले, असा शेवट कोणाला अपेक्षित असेल. ग्रंथात तसे घडत नाही. उरलेले काही लोक यिर्मयाच्या सल्ल्याविरुद्ध मिसरमध्ये गेले आणि त्यालाही बरोबर घेऊन गेले. तेथे ते आकाशराणीची पूजा करीत राहिले. ही पूजा घरगुती होती. मुले लाकडे आणीत, बाप विस्तव पेटवीत, बायका कणीक मळून नैवेद्याच्या पोळ्या करीत. यिर्मयाने पुन्हा इशारा दिला तेव्हा त्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, दिलेले उत्तर विलक्षण आहे. आम्ही आकाशराणीला धूप दाखवीत होतो तोवर पोटभर अन्न होते, काही उणे नव्हते. ते बंद केल्यापासून तलवार आणि दुष्काळ आमच्या वाट्याला आले, असे त्या म्हणाल्या. पूजा बंद झाली ती बहुधा योशीयाच्या सुधारणेच्या वेळी.

हे उत्तर मूर्खपणाचे नाही. घटना त्याच; अर्थ उलटा. यिर्मयाच्या मते नाश झाला तो या पूजेमुळे. त्यांच्या मते तो ती सोडल्यामुळे. नुसत्या घटनांवरून या वादाचा निकाल लागत नाही. मोठ्यात मोठे संकटही माणसाला आपोआप शहाणे करीत नाही, कारण संकटाचा अर्थ तो आपल्या जुन्या भरवशाच्या आधारेच लावतो. हटवादीपणाचे खरे बळ यात आहे. ग्रंथकाराने हे विरोधी उत्तर गाळले नाही, त्या लोकांच्याच मुखाने पूर्णपणे मांडले, हा त्याचा प्रामाणिकपणा मानला पाहिजे.

जपलेला आरोप

यिर्मया आपल्या हयातीत जवळजवळ अयशस्वी ठरला. परंतु बाबिलोनमधील निर्वासितांनी आणि त्यांच्या वंशजांनी त्याचे शब्द टाकून दिले नाहीत. ज्या समाजाच्या राजाने गुंडाळी जाळली, त्याच समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतली व आपल्या शास्त्रात समाविष्ट केली. प्राचीन काळी राजे आपल्या विजयांचे लेख कोरून ठेवीत. येथे एका समाजाने स्वतःवरील आरोपपत्र पवित्र मानून जपले.

आजही यहुदी परंपरेत मंदिरनाशाच्या स्मरणदिनापूर्वीच्या तीन आठवड्यांत सभास्थानांतून यिर्मया आणि यशया यांच्या ग्रंथांतील निर्भर्त्सनेचे भाग वाचले जातात. त्यानंतर आव महिन्याच्या नवव्या दिवशी उपवास असतो. कोकणातील बेने इस्राएल समाजात हा उपवास 'बिरड्याचा रोजा' या मराठमोळ्या नावाने ओळखला जातो. या दिवशी शोक केला जातो तो शत्रूने जाळलेल्या नगरासाठी. पण त्याआधीची वाचने शत्रूच्या क्रौर्याविषयी फारसे बोलत नाहीत. वेळीच का ऐकले नाही, हा प्रश्न ती स्वतःला विचारावयास लावतात. इशारा देणाऱ्याचे काम त्याच्या हयातीत पुरे झाले नाही तरी ऐकणाऱ्यांची पिढी पुढे केव्हातरी येऊ शकते, आणि तिच्यासाठी गुंडाळी पुन्हा लिहून ठेवावी लागते, एवढे आश्वासन या इतिहासातून निश्चित मिळते.